गाठ आणि सुई : एका निदानपद्धतीचा इतिहास



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी इतिहास शिकलो, त्याच शाळेत, इतिहासाच्याच शिक्षकांच्या स्मृतिप्रीत्यर्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण आले तेव्हा मला आनंदापेक्षा संकोच अधिक वाटला. मी इतिहासाचा अभ्यासक नाही. इंदूरसारख्या गावात चाळीस वर्षे सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेला मी एक विकृतिशास्त्रज्ञ. पण सरांची एक सवय मला आठवली आणि मी होकार दिला. वर्गात कोणीही उत्तर दिले की ते बरोबर की चूक हे सांगण्यापूर्वी सर विचारीत, "हे तुला कशावरून कळले?" बखरीत तसे लिहिले आहे असे म्हटले, तर पुढचा प्रश्न येई : बखर कोणी लिहिली, घटनेनंतर किती वर्षांनी लिहिली, आणि लिहिणारा तेथे हजर होता काय? पानिपतावरील आकड्यांवरून आमच्या वर्गाचे दोन पूर्ण तास या प्रश्नांत गेले होते. पुढे माझा सारा व्यवसायच या एका प्रश्नाभोवती फिरत राहिला. म्हणून आज मी एका लहानशा गोष्टीचा इतिहास सांगणार आहे. मानेत, काखेत किंवा जांघेत गाठ येते. डॉक्टर तिच्यात बारीक सुई घालून थेंबभर रस काढतात आणि त्यावरून रोगाचे नाव सांगतात. ते नाव त्यांना कशावरून कळते, आणि कितपत खरे असते?

आधी गाठीविषयी. पायाला ठेच लागून ती चिघळली की जांघेत अवधाण येते, हे आपल्या आज्यांना कोणत्याही वैद्यकीय पुस्तकावाचून ठाऊक होते. शरीरभर रक्तवाहिन्यांखेरीज आणखी एक सूक्ष्म जलमार्ग आहे. त्यातून वाहणाऱ्या रसाला लसिका म्हणतात. या मार्गावर ठिकठिकाणी वाटाण्याएवढ्या, चवळीच्या दाण्याएवढ्या ग्रंथी असतात. जुन्या संस्थानी काळातील जकातनाक्यांसारख्या. मालाची तपासणी तेथे होते. तेथे गडबड उडाली की ग्रंथी फुगते. मात्र गडबड कशाची, हे बाहेरून दिसत नाही. साधा पू असेल, क्षयरोग असेल, दुसऱ्या अवयवातील कर्करोगाच्या पेशी तेथे येऊन अडकल्या असतील, किंवा कर्करोग त्या ग्रंथीतच उपजला असेल. बोटांना या चारही गाठी पुष्कळदा सारख्याच लागतात. निदानाचा सारा इतिहास बोटांच्या या असमर्थतेतून सुरू होतो.

आपल्याकडील प्राचीन वैद्यांनी बोटांनी आणि डोळ्यांनी जेवढे साधेल तेवढे फार बारकाईने साधले होते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड यांचा एकत्र विचार केलेला एक अध्याय आहे. त्यातील अपचीचे वर्णन वाचताना मी थबकलो होतो. आवळ्याच्या आठळीएवढ्या गाठी मानेत व काखेत येतात, त्यांतील काही पिकून वाहतात, काही विरतात, आणि पुन्हा नव्या उठतात, असा त्याचा आशय आहे. मराठीत ज्या रोगाला आपण गंडमाळ म्हणत आलो, त्या क्षयाच्या गाठींचा याहून नेमका आलेख बोटांनी काढता येणार नाही. एका गोष्टीचे मला विशेष वाटते : अर्बुद आणि अपची ही दोन नावे संहिताकाराने शेजारी ठेवली, पण एक केली नाहीत. दोन गाठी दिसायला जवळच्या असल्या तरी त्यांची वाट वेगळी आहे, हे त्याला उमगले होते.

युरोपात हाच रोग राजाच्या हस्तस्पर्शाने बरा होतो अशी समजूत शतकानुशतके होती. इंग्रजी कोशकार सॅम्युएल जॉन्सन यांना लहानपणी, १७१२ साली, अॅन राणीच्या स्पर्शासाठी लंडनला नेले होते. त्यांच्या मानेवरील व्रण जन्मभर राहिले. गाठी काही वेळा आपोआप विरतात, हे सुश्रुताने नोंदविलेले सत्य राजांच्या पथ्यावर पडले असावे.

यानंतरचे नाव मात्र जरा थांबून घेतले पाहिजे. टॉमस हॉजकिन हा लंडनच्या गाय रुग्णालयातील संग्रहालयाचा प्रमुख. मृतांच्या शरीरातील विकृत अवयव जपून ठेवणे आणि त्यांची नोंद करणे हे त्याचे काम. १८३२ च्या जानेवारीत त्याने लंडनच्या वैद्यकसभेपुढे सात रुग्णांवरील निबंध वाचला. ग्रंथी आणि प्लीहा वाढून मरण पावलेल्या या रुग्णांचा रोग नेहमीचा क्षय किंवा दाह नसून काहीतरी वेगळा आहे, असे त्याचे म्हणणे. गंमत अशी की सूक्ष्मदर्शक त्याला अपरिचित नव्हता. १८२७ साली त्याने जोसेफ जॅक्सन लिस्टरसह सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या ऊतींवर लेख प्रसिद्ध केला होता. तरीही हा निबंध उघड्या डोळ्यांच्या आधारावर लिहिलेला आहे. निबंधाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १८३७ साली रुग्णालयातील पद त्याला डावलून दुसऱ्याला दिले गेले आणि त्याने ती संस्था सोडली. पुढे १८६५ साली सॅम्युएल विल्क्स यांनी मोठ्या मनाने या रोगाला हॉजकिनचे नाव दिले. पुढच्याच वर्षी हॉजकिन पॅलेस्टाइनमधील जाफा येथे मरण पावला. साठ वर्षे उलटल्यावर, १९२६ साली, त्याने जपून ठेवलेल्या काही नमुन्यांचे सूक्ष्मदर्शकाखाली फेरपरीक्षण झाले. काहींत तो रोग खरोखरच सापडला, परंतु सातही रुग्ण एकाच रोगाचे नव्हते हे आज मान्य आहे. ज्याच्या नावाने रोग ओळखला जातो त्याचेही सात पैकी सात बरोबर नव्हते. ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आलो, कमीपणा म्हणून नव्हे, धीर म्हणून.

१८८२ च्या २४ मार्चला रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयजंतूचा शोध जाहीर केला. आता गंडमाळ आणि हॉजकिनचा रोग यांची ताटातूट सहज व्हावी असे कोणासही वाटेल. झाले उलटेच. १८९८ साली व्हिएन्नाचे कार्ल स्टर्नबर्ग यांनी हॉजकिनच्या गाठींतील मोठ्या, दुहेरी केंद्रकाच्या पेशींचे सुरेख वर्णन केले, पण निष्कर्ष असा काढला की हा क्षयाचाच एक विचित्र प्रकार आहे. त्यांच्या अनेक रुग्णांत क्षयही होता, हे त्याचे कारण. चार वर्षांनी, १९०२ साली, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेत डोरोथी रीड या तरुण स्त्रीने तेच काम पुन्हा केले आणि दाखवून दिले की हा रोग क्षय नव्हे. दोन्ही एकाच शरीरात नांदू शकतात एवढेच. स्त्री असल्यामुळे त्या संस्थेत पुढे वाव नाही हे दिसल्यावर तिने विकृतिशास्त्र सोडले. त्या पेशीला आज रीड-स्टर्नबर्ग पेशी म्हणतात. घुबडाच्या डोळ्यांसारखी दोन केंद्रके आणि प्रत्येकात एक ठसठशीत ठिपका. क्षय आणि हॉजकिन यांच्यातील या गोंधळाची आठवण ठेवा. मला पुढे तिची गरज पडणार आहे.

आता सुईकडे वळण्यापूर्वी आपल्या इतिहासातील एका प्रसंगाकडे पाहू. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात गोव्याचे सुपुत्र डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीचा प्लेग ओळखला. पुढच्या वर्षी साथरोगांचा कायदा झाला, रेल्वे स्थानकांवर प्रवाशांच्या काखा आणि जांघा चाचपल्या जाऊ लागल्या, पुण्यात सोजीर घरात शिरू लागले, आणि २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली. हा धडा शिकविताना सरांनी विचारलेला प्रश्न मी विसरलेलो नाही. "काखेत गाठ लागली म्हणजे प्लेग, हे त्या सोजिराला कशावरून कळले?" वर्गात हशा पिकला होता. आज मला तो प्रश्न वैद्यकीय परीक्षेत घालण्यासारखा वाटतो. अवधाण आलेला शेतकरी आणि प्लेगची गाठ आलेला रुग्ण यांच्यात बोटाला भेद कळत नव्हता, आणि त्या संशयावरून माणूस कुटुंबापासून तोडला जाई. खरा भेद गाठीतील रसात होता. दोन वर्षांपूर्वी, १८९४ साली, हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर यर्सिन यांनी प्लेगने मेलेल्यांच्या गाठी उघडून त्यांत जंतू दाखविले होते. दोन्ही टोकांना रंग घेणारा, टाचणीसारखा दिसणारा हा जंतू गाठीत सुई घालून काढलेल्या थेंबात सापडतो, आणि आजही प्लेगच्या संशयात हीच तपासणी सांगितली जाते. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठी आलेले रुग्ण सापडले आणि सप्टेंबरात सुरतेत घबराट उडाली, तेव्हा हा प्लेग आहे की नाही यावर तज्ज्ञांत महिनोन्महिने वाद चालला. शंभर वर्षांनंतरही प्रश्न तोच होता.

जिवंत माणसाच्या गाठीत सुई घालून निदान करण्याचे पहिले पद्धतशीर उदाहरण आफ्रिकेतील आहे. निद्रारोग झालेल्यांच्या मानेच्या मागील गाठी वाढतात, हे टॉमस विंटरबॉटम यांनी १८०३ साली सिएरा लिओनविषयीच्या ग्रंथात लिहून ठेवले होते. गुलामांचे व्यापारी त्या चिन्हावरून माणसे नाकारीत. १९०४ साली युगांडात इंडियन मेडिकल सर्व्हिसचे ग्रेग आणि त्यांचे सहकारी ग्रे यांनी त्या गाठींत सुई घालून रस काढला आणि त्यात वळवळणारे परजीवी दाखविले. रक्तात जे सापडता सापडत नव्हते ते गाठीत सापडले. पण येथे एक भेद लक्षात घ्यावा. परजीवी हलताना दिसला की वाद संपतो. कर्करोगाची पेशी परकी नसते. ती आपल्याच पेशीची बिघडलेली आवृत्ती. तिला ओळखणे म्हणजे चोर ओळखणे नव्हे, घरातल्याच माणसाची नियत ओळखणे. १९१४ साली इंग्लंडमध्ये वॉर्ड यांनी आणि १९२१ साली बाल्टिमोरमध्ये गथ्री यांनी गाठींच्या सुईतपासणीवर लिहिले, परंतु ते प्रयत्न तेथेच राहिले.

खरी सुरुवात न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयात झाली. हेज मार्टिन हे तेथील डोक्यामानेच्या कर्करोगाचे शस्त्रवैद्य. मानेतील गाठ चिरून तुकडा काढला की पुढील शस्त्रक्रियेचे क्षेत्र बिघडते आणि रोग पसरतो, असे त्यांचे ठाम मत होते. पण रोगाचे नाव कळल्याखेरीज उपचार तरी कोणता करायचा? एडवर्ड एलिस या प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाच्या साहाय्याने त्यांनी जाड सुई आणि मोठी सिरिंज वापरून गाठीतील पेशी ओढून काढल्या, काचपट्टीवर पसरल्या, रंगविल्या. १९३० साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. तंत्रज्ञाचे नाव शस्त्रवैद्याच्या बरोबरीने छापले गेले हे त्या काळी विरळाच. १९३३ साली त्याच रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ फ्रेड स्टुअर्ट यांनी या पद्धतीवर सविस्तर लेख लिहून तिला शास्त्रीय बैठक दिली. तरीही अमेरिकेत ती त्या एका इमारतीबाहेर फारशी गेली नाही. सुईच्या मार्गाने कर्करोग पेरला जाईल ही भीती होतीच. शिवाय अखंड तुकडा पाहण्याची सवय झालेल्या विकृतिशास्त्रज्ञांना सुट्या पेशी म्हणजे फाटलेल्या पत्राचे कपटे वाटत. खरे सांगायचे तर त्यांचे अगदीच चुकत नव्हते.

महायुद्धानंतर ही पद्धत युरोपात पुन्हा उभी राहिली ती वेगळ्या लोकांच्या हाती. नेदरलंड्सचे लोपेस कार्डोझो, स्वीडनमधील लुंडचे निल्स सॉडरस्ट्रॉम आणि स्टॉकहोमच्या रेडियमहेमेट संस्थेचे सिक्स्टन फ्रान्झेन हे मुळात रक्तरोगांचे जाणकार. रक्ताचा थेंब काचेवर पसरून, हवेत वाळवून, रंगवून पाहण्याची त्यांना सवय. गाठीचा थेंब त्यांना परका वाटला नाही. त्यांची सुई बारीक होती. मार्टिन यांची सुई सुमारे सव्वा मिलिमीटर जाडीची. या मंडळींची त्याच्या जवळजवळ निम्मी, आपण दंडावर इंजेक्शन घेतो तशी. त्यामुळे भूल नको, टाका नको, आणि पेशी पेरल्या जाण्याची भीतीही व्यवहारात जवळजवळ उरली नाही. कार्डोझो यांचा ग्रंथ १९५४ चा, सॉडरस्ट्रॉम यांचा १९६६ चा, आणि स्टॉकहोमचेच योसेफ झायचेक यांचा पहिला खंड १९७४ चा. या खंडाची सुट्या पानांची एक प्रत आमच्या पिढीने अक्षरशः झिजवली. स्वीडिश पद्धतीतील एक बाब मात्र आपण घेतली नाही, आणि माझ्या मते तेथेच आपले नुकसान झाले. तेथे जो वैद्य गाठ चाचपी तोच सुई घाली, आणि तोच काचपट्टी वाची. गाठ कडक होती की मऊ, रुग्णाला ताप होता का, सुई आत जाताना कशी लागली, हे सारे त्याच्या बोटांत असे. आपल्याकडे रुग्ण एका इमारतीत, सुई घालणारा शिकाऊ डॉक्टर दुसरीकडे, आणि वाचणारा मी तिसरीकडे. मधे एक चिठ्ठी, तीवर तीन शब्द.

भारतात ही तपासणी १९७० च्या दशकात मोठ्या संस्थांत रुजली आणि पुढच्या दशकात आमच्यासारख्या गावांपर्यंत आली. ती लोकप्रिय का झाली हे सांगायला अर्थशास्त्री नको. सिरिंज, सुई, चार काचपट्ट्या, दोन बाटल्या रंग आणि एक सूक्ष्मदर्शक. सकाळी खेड्यातून आलेला माणूस संध्याकाळच्या गाडीने निदान घेऊन परत जाऊ शके. १९८६ साली मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन यांनी (मद्रासेतच वाढलेल्या, माहेरच्या मराठी गायतोंडे) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील एचआयव्ही उजेडात आणला. पुढील वर्षांत त्या रुग्णांच्या मानेत गाठी येऊ लागल्या, तेव्हा या साध्या सुईचे महत्त्व आणखी वाढले.

त्याच साली माझ्या टेबलावर एक काचपट्टी आली होती.

एकोणीस वर्षांचा मुलगा, मानेत डाव्या बाजूस गाठ, संध्याकाळी ताप, वजन उतरलेले. मी ज्या रुग्णालयात तेव्हा काम करीत होतो त्याचे नाव येथे महत्त्वाचे नाही. काचपट्टीवर पांढऱ्या पेशींची दाटी आणि मधून मधून लांबट पेशींचे पुंजके दिसत होते. अशा पुंजक्यांना आम्ही ग्रॅन्युलोमा म्हणतो, आणि आमच्या भागात ग्रॅन्युलोमा म्हणजे क्षय हे समीकरण दहापैकी नऊ वेळा खरे ठरते, किंबहुना त्याहूनही अधिक. जंतू दिसले नाहीत. पण गाठीच्या थेंबात ते पुष्कळदा दिसत नाहीत. मी लिहिले : क्षयाशी सुसंगत. मुलाला क्षयाची औषधे सुरू झाली. पहिल्या महिन्यात ताप उतरल्यासारखा झाला, सर्वांना बरे वाटले. पाचव्या महिन्यात गाठ वाढली, काखेत नवी आली. आठव्या महिन्यात एका शस्त्रवैद्याने अख्खी गाठ काढून माझ्याकडे पाठविली. त्या तुकड्यात घुबडाचे डोळे माझ्याकडे पाहत होते.

हॉजकिनच्या रोगात गाठीतील बहुसंख्य पेशी साध्या, निरपराध असतात. रोगाची खरी पेशी शंभरांत एखादी. आणि त्याच गाठीत शरीराच्या प्रतिक्रियेतून ग्रॅन्युलोमाही तयार होऊ शकतात, अगदी क्षयासारखे. १८९८ साली व्हिएन्नातील एका श्रेष्ठ विकृतिशास्त्रज्ञाची जी गल्लत झाली तीच अठ्ठ्याऐंशी वर्षांनी इंदूरला माझी झाली. फरक एवढाच की स्टर्नबर्गने ती पेशी पाहिली होती आणि तिचा अर्थ चुकीचा लावला. मी तिची वाटच पाहिली नाही.

मुलाचे वडील गिरणीत होते. ते माझ्या खोलीत आले आणि उभेच राहिले. "बसा," मी म्हटले. बसले नाहीत. "डॉक्टरसाहेब, मग ती सुई खोटी होती का?" त्यांचा प्रश्न रागाचा नव्हता, त्यांना खरोखरच जाणून घ्यायचे होते. मी त्यांना सांगितले की सुई खोटी नव्हती, गाठीच्या ज्या कोपऱ्यात ती गेली तेथे तेवढेच होते, आणि मी त्या कोपऱ्यावरून साऱ्या गाठीविषयी बोललो. त्यांनी मान हलविली. त्यांना पटले की नाही, मला कळले नाही. मुलाला मुंबईस पाठविले. हॉजकिनच्या रोगावर तोवर चांगली औषधे आली होती आणि तो बरा झाला. पण आठ महिने गेले होते, आणि त्या आठ महिन्यांत रोग मानेतून छातीत उतरला होता. त्यामुळे जे उपचार थोड्यात भागले असते ते फार अधिक, फार कडक घ्यावे लागले.

त्यानंतर मी या तपासणीच्या अचूकतेचे निबंध नव्या नजरेने वाचू लागलो. अचूकता मोजण्याचे दोन शब्द वैद्यकात रूढ आहेत. रोग असलेल्यांपैकी कितीजणांत तपासणीने तो पकडला, ती संवेदनक्षमता. रोग नसलेल्यांपैकी कितींना तिने निर्दोष सोडले, ती विशिष्टता. हे शब्द या अर्थाने जेकब येरुशाल्मी यांनी १९४७ साली छातीच्या क्ष-किरण चित्रांच्या संदर्भात मांडले. दुसरीकडून आलेल्या कर्करोगासाठी गाठीच्या सुईची संवेदनक्षमता बहुतेक अभ्यासांत नव्वद टक्क्यांच्या वर आहे, आणि सुईने कर्करोग म्हटले तर ते क्वचितच खोटे ठरते. ग्रंथीच्या स्वतःच्या कर्करोगात, म्हणजे लिंफोमात, ती बरीच कमी आणि रुग्णालयागणिक फार वेगवेगळी. कारण उघड आहे. लिंफोमाचा प्रकार पेशींच्या रूपाइतकाच त्यांच्या मांडणीवर ठरतो, आणि सुई मांडणी मोडूनच पेशी बाहेर आणते.

पण आकड्यांतही बखर असते. समजा, रोग असलेल्या शंभर जणांच्या गाठीत सुई घातली. ऐंशींत रोग सापडला, आठांत हुकला, आणि बारा जणांत पुरेशा पेशीच आल्या नाहीत. आता ते बारा जण हिशेबातून वगळले तर अठ्ठ्याऐंशींपैकी ऐंशी, म्हणजे जवळजवळ एक्याण्णव टक्के. न वगळता मोजले तर ऐंशी टक्के. रुग्णालय तेच, वर्ष तेच, आकडे दोन, आणि दोन्ही प्रामाणिकपणे छापता येतात. त्याहून खोल गोम अशी : सुईचे उत्तर बरोबर की चूक हे ताडण्यासाठी अख्खी गाठ काढून पाहावी लागते. पण सुईने "साधी गाठ" म्हटले की गाठ कोण काढतो? रुग्ण घरी जातो. त्यातला कोणी वर्षाने दुसऱ्या गावी, दुसऱ्या डॉक्टरकडे आजारी पडला तर तो आपल्या निबंधात कधीच येत नाही. ज्यांनी परत येऊन आपली चूक दाखविली तेवढ्याच चुका आपण मोजतो. त्या मुलाच्या वडिलांनी त्याला त्याच रुग्णालयात परत आणले म्हणून माझ्या वहीत ती चूक आहे. जे आले नाहीत त्यांची वही कोणाकडे आहे?

सुधारणा पुष्कळ झाल्या. १९८० च्या दशकात फ्रान्समधून सिरिंजने न ओढता नुसती सुई आत फिरवून पेशी घेण्याची रीत आली. रक्त कमी येते, पेशी स्वच्छ दिसतात. सोनोग्राफीमुळे गाठीच्या नेमक्या भागात सुई नेता येते. तोच थेंब पेशींच्या पृष्ठभागावरील खुणा मोजणाऱ्या यंत्रात घालून लिंफोमाचे पुष्कळ प्रकार ओळखता येतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली क्षयाची जनुकीय चाचणी गाठीच्या रसासाठीही शिफारस केली. सरकारी दवाखान्यांत सीबी-नॅट या नावाने ती आता अनेकांना माहीत झाली आहे, आणि "क्षयाशी सुसंगत" असे लिहून मोकळे होण्याची सोय तिने बरीच कमी केली आहे. २०२० साली सिडनी पद्धत या नावाने अहवाल लिहिण्याच्या पाच पायऱ्या जगभरासाठी सुचविल्या गेल्या : नमुना अपुरा, साधी गाठ, अनिश्चित, संशयित, आणि कर्करोग. मला यातील पहिल्या आणि तिसऱ्या पायरीचे अधिक मोल वाटते. आमच्या तरुणपणी "मला कळत नाही" असे लिहिण्यास अहवालाच्या कागदावर जागा नव्हती, आणि शस्त्रवैद्यांना ते चालतही नसे. आता त्याला क्रमांक मिळाला आहे.

निवृत्तीच्या वेळी कपाटे आवरताना ती १९८६ ची पेटी हाती आली. त्या मुलाच्या दोन काचपट्ट्या होत्या. रंग थोडा उडाला होता, तरी पेशी वाचता येत होत्या. दुपारभर मी त्या पाहिल्या. ओळीने, एकही क्षेत्र न सोडता. पहिल्या काचपट्टीवर ती पेशी नव्हती. दुसरीवर, अगदी कडेला, जेथे थेंब पसरता पसरता विरळ होतो तेथे, एक होती. दोन केंद्रके, प्रत्येकात ठिपका. शेजारी आणखी एक, अर्धी फुटलेली, तिच्याविषयी मी खात्रीने सांगू शकत नाही. जुनी वही काढली. त्या दिवशीच्या नोंदीत माझ्या अक्षरात निदान आहे, तारीख आहे, सही आहे. किती काचपट्ट्या पाहिल्या तो रकाना कोरा आहे. मी त्या दिवशी दुसरी काचपट्टी पाहिली होती की नाही, ते मला आठवत नाही.